खाण नंबर सात

योरिंडेनं पातं टेकवलं आणि जुन्या फ्लॉपी डिस्कच्या काळ्या पाकिटाची वरची कड सर्रकन कापली. रेघ अगदी सरळ गेली. तिला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की एक गोष्ट ती साफ विसरून गेली.

"हळू! अगं, अडतीस वर्षांची आहे ती," फोल्कमारमामा तिच्या कानाशी कुजबुजला.

"तू आधी श्वास घे, मामा. डिस्क नंतर बघू."

जर्मनीतल्या हेर्ने गावात, चर्चच्या सभागृहात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी जुन्या घरगुती कॉम्प्युटरांचा दवाखाना भरायचा. दुरुस्तीच्या टेबलावर राज्य आनेग्रेटचं. पंचावन्न वर्षांची, बारीक कापलेले केस, हातात कायम तापलेली सोल्डरिंग गन. फोल्कमारमामा तिचा शाळेतला वर्गमित्र. पण मामा 'वायर' म्हणाला, की ती 'स्विच' म्हणणारच. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोळा वर्षांच्या योरिंडेला त्या टेबलापाशी खुर्ची हवी होती. दोन महिने तिला नुसता चीजकेक विकायला लावलं होतं. आज आनेग्रेट म्हणाली होती, "मामाची डिस्क वाचून दाखव. वाचलीस तर खुर्ची तुझी. नाहीतर परत केक. तिथं तुझा हात छान बसलाय."

डिस्कवर मामाचा गेम होता. 'खाण नंबर सात.' सतराव्या वर्षी त्यानं एकट्यानं लिहिलेला. नवव्या पातळीवरच्या लोखंडी दरवाजापर्यंत सगळे पोहोचत, पण तो दरवाजा कधीच कुणाला उघडता आला नाही. स्वतः मामालासुद्धा. आता डिस्कला बुरशी लागली होती. एकदा फिरवून जे वाचता येईल ते खरं, दुसऱ्या फेरीला चकतीवरचा, माहिती धरणारा लेप सोलवटून निघायचा.

पाकिटातून तिनं आतली चकती ओढून घेतली. तपकिरी, पापडाएवढी पातळ, मधे भोक. कोमट पाण्यात धुतली. कापसाच्या बोळ्यानं पांढरे ठिपके पुसले. वाळवली. आणि दुसऱ्या, रिकाम्या पाकिटात घालायला उचलली, तेव्हा आधी इकडून, मग तिकडून पाहिली.

दोन्ही बाजू तपकिरी. दोन्ही गुळगुळीत. चकती बाहेर काढण्याआधी पुढच्या बाजूला पेनानं एक ठिपका द्यायचा असतो. टेबलावरचा पहिलाच धडा. ठिपका नव्हता.

ड्राइव्ह वाचणार एकच बाजू. योरिंडेनं मामाकडे पाहिलं नाही. आनेग्रेटकडे तर मुळीच नाही. तिनं डोळे मिटले, चकती पाकिटात सरकवली आणि ड्राइव्हची खिट्टी लावली.

ड्राइव्ह खडखडला. निळ्या पडद्यावर एकाच फाइलचं नाव उमटलं: 'फोल्कमारसाठी'.

"हे माझं नाही," मामा म्हणाला.

उलटी बसली. बोंबललं सगळं! पण आता डिस्क फिरतच होती, तर योरिंडेनं बटण दाबून टाकलं. पडद्यावर अक्षरं येऊ लागली.

'दरवाजा उघडत नव्हता, कारण तू प्रोग्राममधली ओळ ३४० लिहायला विसरलास. मी लिहिली. आता ये की बाहेर. शनिवारी चार वाजता पोहण्याच्या तलावाच्या फाटकात उभी आहे. आ.'

मामानं कचऱ्यातलं जुनं पाकीट उचललं. डाव्या कडेवर काळ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती. त्यानं नखानं ती सोलली. खाली एक वेडीवाकडी खाच. त्या काळी सगळी शाळा असंच करायची. डिस्कच्या दुसऱ्या कडेला कात्रीनं खाच पाडायची, म्हणजे मागच्या बाजूवरही लिहिता यायचं. मग कुणी पुसू नये म्हणून वर पट्टी.

"ही बाजू लावायला कुणी सांगितलं?"

आनेग्रेट मागे उभी होती. तिचे कान लालबुंद झाले होते.

"मी सांगितलं," मामा घाईघाईनं म्हणाला. "पोरीची काही चूक नाही."

"खोटं बोलतोय तो," योरिंडे म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ठिपका द्यायचा मीच विसरले. चकती उलटी बसली. चूक माझी."

आनेग्रेटनं ऐकलंच नाही बहुतेक. ती मामाकडे बघत होती.

"तू मागची बाजू कधी बघितलीच नाहीस?"

"मी कशाला बघेन? मी माझ्या डिस्कला जन्मात कात्री लावली नाही. खराब होतात त्या!" मामाचा आवाज चिरकला. "खेळायला दिलेली डिस्क तू मुकाट्यानं परत हातात कोंबलीस आणि निघून गेलीस. मला वाटलं, गेम भिकार वाटला तुला."

"भिकारच होता. तरी दोन तास उभी होते. तीन आइस्क्रीम खाल्ली. मला वाटलं, वाचूनही आला नाहीस." तिनं हातातली गन खाली ठेवली. "आणि मग इतकी वर्षं माझ्यासमोर दात काढत फिरतोयस."

मामानं पडद्याकडे पाहिलं.

"शनिवार," तो म्हणाला. "म्हणजे... येत्या शनिवारी तलाव उघडा असतो?"

"चारला."

योरिंडे आपली पिशवी आवरत होती. नियम म्हणजे नियम. आनेग्रेटनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुन्हा खाली बसवलं.

"उठतेस कुठं? अडतीस वर्षांत ही डिस्क बरोबर बसवणारी तू पहिलीच."