धूळ बसू नये म्हणून

"अण्णा, करू बंद?" स्वप्नीलने विचारलं आणि बटणापर्यंत नेलेला हात पुन्हा मागे घेतला.

"कर की. आपल्यात मुहूर्त कधीपासून बघायला लागले?" कोंडीराम म्हणाले.

ऑक्सिजनची मशीन पलंगाच्या पायथ्याशी घरघरत होती. तिची नळी कोंडीरामांच्या नाकात. पण मशीन मागच्या बाजूने वारा फेकायची, आणि त्या वाऱ्याने लादीवरची धूळ उठायची. समोर उलट्या घमेल्यावर गाडीचं अलॉय व्हील ठेवलं होतं. फुटपाथला घासून सोललेली कड स्वप्नीलने पुट्टीने भरली होती, पॉलिश पेपरने घासली होती, वर चंदेरी रंग दिला होता. आता राहिला होता तो वरचा पारदर्शक क्लिअरचा हात. तो ओला असेपर्यंत खोलीत काही हलता कामा नये.

काल गॅरेजवाल्याने याच चाकावरून तळवा फिरवला होता. "स्वप्नील, हे चाक आहे का रवा लावलेली सुरमई?" सगळे हसले. स्वप्नीलही हसला. मग गॅरेजवाला हसायचा थांबला. "उद्या संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. परत असंच आणलंस तर यापुढे चाकं न्यायला येऊ नकोस."

बाहेर गॅलरीत रंग मारायची सोय नव्हती. समोरची चाळ पाडून टॉवर चढत होता आणि अख्ख्या घोडपदेवच्या भातात त्याची कचकच लागत होती. म्हणून त्याच्या बायकोने, संघमित्राने, खिडकी लावली, दारावर ओली चादर टांगली, लादीवर पाणी शिंपडलं, पंखा बंद केला. हवेचा पंप तेवढा गॅलरीत. त्याचा पाइप दाराखालून आत, रंग फवारायच्या गनपर्यंत.

"अण्णांना राधाबाईंकडे बसवूया ना, मशीनसकट," ती म्हणाली. "भिंतीला भिंत तर आहे."

"मी गेलो की हा हात थांबवणार," कोंडीराम म्हणाले. गाड्या रंगवण्यातच त्यांचा जन्म गेला होता. "गन एका जागी थांबली की ओघळ येतो. काल धूळ होती, आज ओघळ. सांगायचं काय त्याला?"

"आणि दम लागला म्हणजे?"

"रोज लागतो तो फुकट लागतो, पोरी. आज निदान एक चाक होईल."

तिने त्यांना कापडी मास्क घातला. तो त्यांनी हनुवटीखाली ओढला. "मग बोलू कशातून?" स्वप्नीलने ओला रुमाल नाकातोंडावर बांधला आणि बटण दाबलं.

घरघर थांबली. गॅलरीत पंप धडधडायला लागला. "ए, टीव्ही ऐकू येत नाय आमाला!" पलीकडून राधाबाई ओरडल्या.

गनमधून बारीक धुकं निघालं. थिनरचा वास डोळ्यांत गेला.

"पुढे. पुढे. आता सोड," कोंडीराम म्हणाले. "वळव. पुढे."

मग नुसतं "पुढे". मग तेही नाही. चादरीवर त्यांचं बोट सरकत होतं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते बोट बघत स्वप्नील गन फिरवत होता. संघमित्राने त्यांचं मनगट धरलं. नखं जांभळट होत चालली होती.

खोकला आला तेव्हा त्यांनी गोधडीचं टोक तोंडात कोंबलं. अंग हललं, पलंग हलला. आवाज आला नाही. गन फिरत राहिली.

"स्वप्नील!"

त्याने मान वळवली नाही. कड पूर्ण केली, गन सोडली, पाइप काढला. चाक ओलं, लखलखीत. एकही कण नाही.

संघमित्रा मशीनकडे वाकली. स्वप्नीलने तिचा हात धरला.

"थांब. अजून ओलं आहे. एकच मिनिट."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आपण काय बोललो ते त्यालाही ऐकू आलं असावं. पण त्याने हात सोडला नाही. पलंगावर कोंडीराम मान हलवत होते, थांब, थांब, अशी. सुनेला सांगत होते. गोधडी अजून दातांत होती.

स्वप्नीलने चाकाच्या बाजूच्या चिकटपट्टीवर उडालेल्या क्लिअरवर बोट टेकवलं. चिकटलं. पुन्हा टेकवलं. सुटून आलं.

तेव्हा त्याने तिचा हात सोडला.

मशीन घरघरली. कोंडीरामांच्या तोंडातून गोधडी काढावी लागली, सोडत नव्हते. बराच वेळ मशीनपेक्षा त्यांच्या छातीचाच आवाज मोठा होता, फाटक्या पिशवीत वारा शिरावा तसा. ओठांचा रंग हळूहळू परत आला. मग त्यांनी चाकाकडे बघितलं. छतावरची ट्यूबलाइट त्यात सरळ, स्वच्छ दिसत होती.

"गूळ," ते म्हणाले.

साखर उतरली, असं वाटून संघमित्राने धावत डबा आणला. कोंडीरामांनी खडा तोडला. तो त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला नाही. स्वप्नीलपुढे धरला.

"खा. रंग छातीत राहत नाही याने. आमचा मालक काम संपलं की सगळ्यांना द्यायचा." नळीतून एक घोट हवा आत गेली. "मी गूळ एक दिवस चुकवला नाही."

स्वप्नीलने रुमाल खाली केला आणि लहान पोरासारखं तोंड उघडलं.