लाल ठिपका

रेडिओ वाजायला लागला होता. एक व्हॉल्व्ह गेला होता, वगदीनं तो बदलला, काम संपलं. दुसरा कुणी मिस्त्री असता तर मागचा पुठ्ठा लावून जेवायला उठला असता. पण वगदीची नजर आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या डबीवर गेली. स्टेशनं एकमेकांत घुसू नयेत म्हणून आयएफची जी डबी असते ना, ती. तिच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

अलेक्झांड्रियाच्या रेडिओबाजारात जुळवलेला स्क्रू जो तो आपल्या रंगानं बंद करतो. वगदीचं निळं मेण, शुक्रीचा लाल ठिपका. आणि याच शुक्रीनं वगदीच्या बायकोला, इनासला, एकदा मागणी घातली होती, हे वगदीला लग्नानंतर कळलं. रेडिओ इनासच्या माहेरचा. म्हणजे हा गडी तिच्या घरात ऐसपैस बसून, तिच्या हातचा चहा पीत स्क्रू फिरवत होता. जेवायचं राहिलं बाजूला.

त्यानं टोक तासलेली प्लास्टिकची विणायची सुई घेतली, स्क्रूच्या खाचेत घातली आणि फिरवली. ठिपका कट्कन तुटला. अर्धा स्क्रूवर राहिला, अर्धा डबीवर.

बातम्या देणाऱ्याचा आवाज बसला. मागून अथेन्सचं गाणं आत शिरलं.

"काय केलंस रे?" इनास स्वयंपाकघरातून म्हणाली. "आत्ता तर छान वाजत होता."

"छान कुठला? शुक्रीचं काम ते. नीट जुळवून देतो."

"बाबांची तर कधी तक्रार नव्हती."

"तुझ्या बाबांना एका कानानं ऐकू येत नव्हतं."

"मला दोन्हींनी येतं," इनास म्हणाली आणि कढईत लसूण टाकला.

आता तर वगदी इरेला पेटला. शुक्रीपेक्षा चांगला वाजवून दाखवायचाच. सुई इकडे फिरव, तिकडे फिरव. आवाज कधी घोगरा, कधी शिट्टी, कधी दोन माणसं एकदम बोलतायत. जेवण निवत चाललं. शर्ट पाठीला चिकटला. शेवटी एकदाचं अथेन्स गेलं आणि बातम्या देणारा खोलीत येऊन बसल्यासारखा स्वच्छ बोलू लागला.

वगदीनं दिवा जवळ घेतला. लाल ठिपक्याचे दोन्ही अर्धे समोरासमोर येऊन जुळले होते.

त्यानं सुई केसभर पुढे नेली. आवाज पडला. केसभर मागे नेली. पुन्हा पडला. त्यानं स्क्रू होता तिथे आणून ठेवला.

इनास भाताचं ताट घेऊन दारात उभी होती. "हां," ती म्हणाली. "अस्साच वाजायचा तिकडे."

वगदीनं मेणबत्ती पेटवली आणि निळं मेण स्क्रूवर सोडलं. एक थेंब पुरतो. लाल दिसेनासं झालं तरी त्याचा हात थांबेना.

"पुरे की," इनास म्हणाली. "उद्या पुन्हा खोलावासा वाटला, तर तुलाच खरवडत बसावं लागेल."