शिंपीकाकांचा पंप

नवी नोकरी लागल्यापासून तिच्या सायकलची हवा रोज सकाळी गेलेली असायची. ट्यूब बदलली, व्हॉल्व्ह बदलला, तरी तेच. ती जिना उतरायची तेव्हा खालच्या दुकानातले शिंपीकाका हातपंप घेऊन दारात उभेच असायचे. "थांब पोरी, मी भरून देतो," म्हणत ते पंप मारायला लागायचे आणि तिच्या मनात पाल चुकचुकायची. हवा गेल्याचं यांना आपल्याआधी कसं कळतं?

"लांबच राहा त्या म्हाताऱ्यापासून," नवरा म्हणाला. "नाहीतर सोडून दे ती नोकरी. रोजची कटकट हवीय कशाला?"

एकदाचा छडा लावायचाच म्हणून आज ती लवकर उठली. नवरा दूध आणायला बाहेर पडला, तशी ती मागोमाग जिन्याच्या वळणावर येऊन दबकून उभी राहिली. काकांचं दार बंद होतं, खिडकी मात्र उघडी होती. खाली नवरा तिच्या सायकलपाशी वाकला. फुस्स आवाज आला. मग हात पँटला पुसत, शीळ घालत तो दुधाला गेला.

तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती तिथेच थांबली. खाली उतरली तेव्हा काका पंप घेऊन दारात होते.

"काका, सायकल रोज तुमच्या दुकानात ठेवली तर चालेल?"

काकांनी खाली बसून आधी हवा भरली.

"मशीन कधीचं सरकवून ठेवलंय पोरी," ते मान वर न करता म्हणाले. "तू विचारायची वाट बघत होतो."