ब्रेकमधली हवा

"ब्रेक दाब आत्या, आणि धरून ठेव!" सुरूच्या झाडांच्या सावलीत उर्वीने चाकाजवळचा नट सैल केला. वाळूत चालणाऱ्या एटीव्ही गाडीच्या ब्रेकमधलं काळपट ऑइल पारदर्शक नळीतून निघालं, मागोमाग बुडबुडे. त्यांच्याबरोबर उर्वीचं मनही तरंगत निघालं आणि नट न आवळताच ती म्हणाली, "सोड."

"झालं!" आत्या म्हणाली. "नट उघडाच, ब्रेकने पुन्हा हवा ओढली, महाराणी. आज ब्रेक लागला नाही, तर पाना परत हातात देणार नाही."

उर्वीने सगळं पहिल्यापासून केलं. अखेर मधाळ रंगाचं नवं ऑइल आलं, एकही बुडबुडा नसलेलं.

आत्या तिच्यामागे बसली. "ने लाटांकडे. सुसाट."

"मागची दांडी धर ना गं!"

"कशाला? ब्रेक तू केलायस ना?"

उर्वीने गाडी सुसाट सोडली आणि लाटेच्या तोंडाशी ब्रेक दाबला. गाडी थांबली. समुद्र तेवढा पुढे येत राहिला.