येईन म्हणाली होतीस

तेजलचा फोन वाजला तेव्हा टीव्हीवर तिचेच फोटो चालू होते.

मरोळच्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात चर्चच्या तरुण संघातली दहा-बारा मुलं दाटीवाटीने बसली होती. सकाळी उपासनेत तेजलने साक्ष दिली होती. आफ्रिकेत, मलावीतल्या एका अनाथाश्रमात त्यांच्या टीमने दोन आठवडे कशी सेवा केली, मुलांना काय शिकवलं, देवाने कसं सांभाळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुपारी तिच्या आईने, सुलक्षणाने, सगळ्यांना जेवायला बोलावलं. परत आल्यापासून पोरगी धड बोलत नव्हती, अर्ध्या ताटावरून उठत होती. चार माणसं आली की जरा खुलेल, असं सुलक्षणाला वाटलं होतं.

तेजलने नंबर पाहिला आणि फोन सोफ्यावर उलटा ठेवला.

‘अगं, घे ना,’ शेजारी बसलेल्या निधीने फोन उचलला. ‘ए, मलावी! व्हिडिओ कॉल!’ आणि तेजल हात पुढे करेपर्यंत तिने तो घेतलासुद्धा.

पडद्यावर चिसोमो होती. नऊ वर्षांची, केस बारीक कापलेले. टीव्हीवरच्या फोटोत तेजलच्या मांडीवर बसलेली तीच. दोन आठवडे ती रोज तेजलची वेणी सोडायची आणि पुन्हा घालायची. एकदा घालून तिचं समाधान व्हायचं नाही.

‘हाय चिसोमो!’ सगळे ओरडले. ‘कसली गोड आहे यार!’

चिसोमो एकेक चेहरा बघत गेली. तेजल सापडली तशी थांबली.

‘तेजल,’ शाळेत शिकवलेल्या इंग्रजीत, एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, ‘तू येईन म्हणाली होतीस. कुठल्या महिन्यात?’

खोलीत हशा पिकला. टीम घेऊन गेलेला किरणदादा मागून वाकला. ‘नेक्स्ट इयर! तू फक्त प्रेयर कर हं!’

तेजलने निधीच्या हातातून फोन घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. सुलक्षणा रस्सा गरम करत होती. लेकीचा चेहरा बघून तिने गॅस बारीक केला.

‘सांग ना येते म्हणून,’ ती हळूच म्हणाली. ‘लेकरू आहे. विसरेल.’

‘दरवर्षी नवी मुलं नेतात, मम्मी. माझा नंबर पुन्हा लागणार नाही. मला तिथे असतानाच माहीत होतं.’

‘मग म्हणालीस कशाला?’

‘सगळेच म्हणत होते ना.’

तिने फोन चेहऱ्यासमोर धरला.

‘चिसोमो, मी येणार नाही. पुढच्या वर्षी नाही, नंतरही नाही. मी खोटं बोलले. सॉरी.’

चिसोमो रडली नाही. तिच्या मागे कुणीतरी बादली ओढत नेत होतं. तो आवाज थांबल्यावर तिने विचारलं.

‘तू आजारी आहेस?’

‘नाही.’

‘तुझी आई सोडत नाही?’

‘तसं नाही गं. आई सोडेल.’

चिसोमोने मान हलवली, जणू आता तिच्याजवळची कारणं संपली होती.

‘दुसरं कोणी येणार?’

‘हो. दुसरी ताई येईल.’

‘तिला सांग,’ चिसोमो म्हणाली, ‘जाताना येईन म्हणायचं नाही. फक्त बाय म्हणायचं.’

सुलक्षणाने ओला हात पदराला पुसला आणि तेजलच्या पाठीवर ठेवला.

किरणदादा दारात येऊन उभा होता. त्याने शेवटचं ऐकलं होतं.

‘काय गरज होती, तेजल? लेकराचं मन मोडलंस. थोडी आशा राहिली असती तर काय बिघडलं असतं?’

‘आशाच लावून आले होते, दादा. म्हणून तर ती रोज फोन करतेय. आणि मी उचलत नाहीये.’

किरणदादा काही म्हणणार इतक्यात त्याच्या हाताखालून निधी आत घुसली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

‘तेजलताई, कळलं का तुला? पुढच्या टीममध्ये मी आहे! दादाने आत्ताच सांगितलं. मला बोलू दे ना तिच्याशी!’

‘निधी, थांब, आधी माझं ऐक...’

पण फोन निधीच्या हातात गेला होता.

‘हाय! आय ॲम निधी! पुढच्या वर्षी मी येणार तुला भेटायला! आणि मग दरवर्षी येणार! प्रॉमिस!’

चिसोमो तिच्याकडे बघत राहिली. हसली नाही, रागावलीही नाही. मग तिचा तळहात पुढे आला आणि पडदा काळा झाला.

‘जा बाबा, नेटवर्क गेलं,’ निधी म्हणाली. तिने फोन दोनदा हलवून पाहिला आणि तेजलला परत दिला.

तेजलने बघितलं. कॉल चालूच होता. काळोखात बोटांच्या फटींमधून तिकडचा थोडा थोडा उजेड येत होता.