ओव्हनची चावी

ओव्हनच्या तळाला वितळलेलं प्लास्टिक चिकटून दगडासारखं घट्ट झालं होतं. मेकॅनिकनं आधी ओव्हनचा भिंतीवरचा मेन स्विच बंद केला, हात आत घालून ओव्हन गार असल्याची खात्री केली आणि मग एकेक जाळी बाहेर काढली. स्वयंपाकघरातला जळकट वास अजून गेला नव्हता. ओव्हन ज्या कपाटात बसवला होता त्याची एक कड काळी पडली होती.

बाबांनी प्लास्टिकचा डबा आत ठेवला आणि ओव्हन लावून दिला, असं मुलीनं सांगितलं. ती तेव्हा आंघोळीला गेली होती. शेजारच्यांना धूर दिसला म्हणून निभावलं.

म्हातारा दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. मेकॅनिकनं त्याच्याकडे पाहिलं तशी त्यानं मान हलवली.

"हो," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

मेकॅनिक लाकडी उलथन्यानं प्लास्टिक सुटं करू लागला. लोखंडी पट्टीनं काम झटपट झालं असतं, पण आतल्या लेपावर ओरखडे उठले असते. तो खरवडत होता आणि मुलगी बोलत होती. आधी नळ चालू राहिला, मग गॅस, आता हे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, हा विसरण्याचा आजार वाढतच जाणार. ती एका इस्पितळात औषधं द्यायच्या खिडकीवर होती. चांगली नोकरी होती, पण बाबांना एकटं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून सोडली.

हे सगळं ती बापासमोरच बोलत होती, जणू तो तिथे नव्हताच. मेकॅनिकला ते खटकलं. पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून तो खरवडत राहिला. वय फार नव्हतं तिचं. दिवसभर एका माणसावर नजर ठेवून बसायचं, म्हणजे जीव मेटाकुटीला येणारच.

चहा करते म्हणून ती उठली. दूध संपलं होतं. कोपऱ्यावरून आणते म्हणाली आणि पिशवी घेऊन खाली गेली.

तेवढ्या वेळात म्हाताऱ्याच्या डोक्यात काही शिरतंय का बघावं, असं मेकॅनिकला वाटलं. लहान मुलाला सांगावं तसं तो मोठ्यानं, सावकाश बोलू लागला. ओव्हन म्हणजे कपाट नव्हे, त्यात काही ठेवून द्यायचं नाही. लावण्याआधी दार उघडून आत बघायचं. तळाला चांदीचा कागद अंथरायचा नाही, उष्णता कोंडते. ताट काढताना ओला फडका घ्यायचा नाही, चटका बसतो. दार उघडताना तोंड बाजूला, आधी वाफ जाऊ द्यायची. बंद केल्यावरही आतला पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तो थांबेपर्यंत भिंतीवरचा स्विच पाडायचा नाही. पुसायचं ते पूर्ण गार झाल्यावर, मऊ कापडानं. दाराच्या काचेला तारेची घासणी लावायची नाही.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग पंख्याचं परत एकदा सांगा म्हणाला. मेकॅनिकनं सांगितलं. थोड्या वेळानं त्यानं काचेचं परत विचारलं. मेकॅनिकनं तेही सांगितलं, पण आवाज जरा चढला होता.

मुलगी आली ती पाव घेऊन. दूध आणलं नव्हतं.

"बरं झालं," म्हातारा चटकन म्हणाला. "मीच पाव आण म्हणालो होतो. चहा बिनदुधाचा चालेल यांना."

मेकॅनिकनं चालेल म्हटलं आणि पुन्हा कामाला लागला. कोमट साबणपाण्यानं त्यानं आतला भाग पुसला, दाराचं रबर न ओढता स्वच्छ केलं, मागची वायर तपासली. मग मुलीनं फोनवर सांगितलं होतं त्याप्रमाणे मेन स्विचच्या जागी चावीचा स्विच बसवला. चावी फिरवल्याशिवाय आता ओव्हनला वीज मिळणार नव्हती.

चावी द्यायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्यानं हात किंचित पुढे केला होता. मेकॅनिकनं तो पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि चावी मुलीच्या हातात ठेवली.

"सुटले मी," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं वाकून बापाच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं. "बाबा, रागावू नका हं. तुमच्यासाठीच करतेय."

"नाही गं," म्हातारा म्हणाला. "तू आहेस म्हणून चाललंय माझं."

मेकॅनिकनं अवजारं भरली. म्हातारा त्याला जिन्यापर्यंत सोडायला निघाला. लांब जाऊ नका, असं मुलीनं आतून बजावलं.

जिन्यात आल्यावर म्हाताऱ्यानं दार हलकेच ओढून घेतलं. ओव्हनच्या त्याच वायरीवर वीज तोडणारा आणखी एक स्विच बसवता येईल का, असं त्यानं विचारलं. त्याच्या खोलीत, पलंगामागे. मुलगी मनानं अगदी सरळ आहे, तिला संशय यायला नको, म्हणून ती झोपलेली असेल अशा दुपारी या, म्हणाला.

मेकॅनिकनं सुस्कारा सोडला. समजुतीच्या सुरात तो म्हणाला, "काका, आता कशाला काळजी करता? चावी ताईंकडे आहे."

"म्हणूनच," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज एकदम वेगळा, नेमका झाला होता. "डबा तिनं ठेवला होता. नळ तिचा, गॅसही तिचाच. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं समजावलं होतं. आता हा आजार घरात कुणाला तरी आहे, एवढंच तिच्या लक्षात राहिलंय."