चहाआधीचा एक तास

वर्ध्याची पहिली बस. शाळेची प्रार्थना. परतणाऱ्या शेळ्या. शेजारच्या टीव्हीवरच्या मालिकेचं गाणं.

पवनारच्या तानबाच्या पायाच्या हाडात जुनं इन्फेक्शन होतं. तीन अँटिबायोटिक, सहा महिने. वेळा चुकल्या तर पुन्हा ऑपरेशन. पहाटेची गोळी उपाशीपोटी, त्यानंतर तासभर चहा बंद. हा तास त्याला सोसेना. म्हणून तो रोज गुपचूप भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढे करायचा आणि चहा झाला की मागे.

“अवं, झाला ना तास! घड्याळ पाह्य.”

“बसा चूप. अजून नाई झाला,” त्याची बायको शकुंतला मान न वळवता म्हणायची.

सहा महिन्यांनी डॉक्टर खूश झाले. “हाड छान भरलं. बाई, गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या का?”

“लिहाचं काय त्यात? पहिल्या बसले उपाशीपोटीची, प्रार्थनेले चहा. शेळ्या आल्या की दुसरी, मालिकेच्या गाण्याले तिसरी.”

तानबा तिच्याकडे पाहतच राहिला.

 

लग्न ठरताना शकुंतलाला काय येतं, काय नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. तिला घड्याळ पाहता येत नाही.